बूट हाताने शिवायचाय? सामान या क्रमाने घ्या

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "बूट शिवायला घेतोय, अजून काय काय लागेल?" मी विचारतो, आत्तापर्यंत काय घेतलंय? उत्तर ठरलेलं असतं. धारावीतून चामड्याची एक अख्खी साइड (जनावराचं अर्धं कातडं) आणलीये, हाताने फिरवायचं मशीन ऑनलाइन मागवलंय, हत्यारांचा संचही आलाय. आणि फर्मा? "तो अजून बघतोय."

म्हणजे खर्च उलट्या टोकाने सुरू झाला. फर्मा, म्हणजे ज्याच्यावर बूट ताणून बसवतात तो पायाचा साचा. जुनी माणसं त्याला कलबूत म्हणतात, दुकानदार लास्ट म्हणतो. टाचेची उंची त्याच्यावर ठरते आणि त्या उंचीवर तळ, शँक (तळातली पोलादी पट्टी) आणि टाच. पुढे चामड्याची जाडी, दोरा, सुई हे सगळं ओळीने येतं. ही ओळ मोडली की घरात प्रत्येक वस्तू चांगली असते आणि एकही दुसरीला बसत नाही. माझे पहिले दोन जोड असेच वाया गेलेत.

खाली जे सांगतोय ते घोट्याच्या वर चढणाऱ्या, लेसच्या, हाताने वेल्ट (बुटाचा वरचा भाग आणि तळ जोडणारी कडेची पट्टी) शिवलेल्या बुटाचं. चप्पल किंवा मोजडीला यातलं निम्मं लागत नाही.

## टप्पा १: बाजारात जाण्याआधी पाय मोजा

संध्याकाळी मोजा, उभं राहून, जे मोजे घालणार ते घालून. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय एक नसतो. दोन्ही पाय मोजायचे, कारण बहुतेकांचा एक थोडा मोठा असतोच.

कागदावर पायाची बाह्यरेषा काढा, पेन्सिल उभी धरून. मग शिंप्याच्या टेपने हे घेर घ्या:

1. चवड्याचा, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी जी दोन हाडं पुढे येतात त्यांच्यावरून.
2. पायाच्या उंचवट्याचा, जिथे लेस बांधतो तिथे.
3. टाचेच्या मागच्या खालच्या टोकापासून पुढे घोट्याच्या वळणापर्यंतचा तिरका घेर.
4. घोट्याचा, आणि बूट जिथे संपणार त्या उंचीवरचा.

तिसरं माप बहुतेक जण सोडून देतात. चपला-शूजना ते फारसं लागत नाही, पण बुटात पाय शिरतो तो याच मापातून. ते कमी पडलं तर पूर्ण झालेल्या बुटात पाय अर्ध्यावर अडकतो आणि तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही.

तपासा: पायाच्या लांबीत १० ते १५ मिमी मिळवा. ही झाली फर्म्याची लांबी. पाय २६५ मिमी असेल तर फर्मा २८० मिमीच्या आसपासचा. टोकदार पुढ्याचा फर्मा घेणार असाल तर अजून लांब.

## टप्पा २: फर्मा, आणि फक्त फर्मा

आपल्याकडे इंग्रजी नंबर चालतो. त्यात एका नंबराचं अंतर एक तृतीयांश इंच, ८.४६ मिमी. युरोपी नंबरात ते ६.६७ मिमी. ८ नंबरचा फर्मा ११ इंच, म्हणजे २७९ मिमी, आणि ४२ नंबरचा २८० मिमी. इथपर्यंत सरळ. पण पुढ्याचा आकार बदलला की कारखानदार त्याच नंबराखाली लांबी वाढवतो, म्हणून फर्म्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. टेप सोबत न्या आणि दुकानातच लांबी, चवड्याचा घेर आणि उंचवट्याचा घेर मोजा. तुमच्या कागदाशी जुळला तरच पिशवीत.

मुंबईत पहिली चक्कर कुर्ला-चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीची मारा. तिथे घराघरांत पादत्राणं बनतात. अपर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, शिवणारे वेगळे, तळ बसवणारे वेगळे. त्यामुळे फर्मे, तळ, चुका (बारीक खिळे), दोरे, सोल्युशन (तळ चिकटवायचा गोंद) हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात मिळतं. मोठा पर्याय आग्र्याच्या हींग की मंडीचा. नाव हिंगाचं असलं तरी बाजार बुटांचा आणि बुटांच्या सामानाचा आहे. पण तिथून मागवताना मापाचा आग्रह फोनवर धरावा लागतो, आणि एक जोडी फर्मे विकायला सगळे तयार नसतात.

बुटासाठीचा फर्मा शूजच्या फर्म्याहून वेगळा. उंचवट्याजवळ तो जास्त भरलेला असतो आणि वरचा भाग उंच असतो. त्याहून महत्त्वाचं, तो मधोमध बिजागरीवर मोडणारा हवा, नाहीतर वरचा ठोकळा वेगळा निघणारा हवा.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुकानातून सागवानी रंगाचा, हातात घेतल्यावर खाली ठेवावासाच वाटणार नाही असा सुंदर अखंड लाकडी फर्मा आणला. अपर ताणून बसवलं, वेल्ट शिवली, तळ शिवला, टाच ठोकली. मग फर्मा काढायला घेतला. ओढायचा आकडा घातला, गुडघ्यात धरून ओढला, शेजाऱ्याला एका बाजूने ओढायला लावलं. फर्मा हलला नाही. घोट्याशी बूट अरुंद होतो आणि अखंड फर्म्याची टाच तिथून वर येऊच शकत नाही. शेवटी मागची शिवण उसवावी लागली. शेजारी अजून विचारतो, "निघाला का तो?"

थांबा: बिजागरीचा फर्मा दुकानातच दोनदा मोडून बघा. खडखड वाजला किंवा मोडल्यावर परत सरळ बसला नाही तर नको.

तपासा: फर्मा टेबलावर ठेवा. टाचेखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालत जा, चवड्याचा भाग नीट टेकेपर्यंत. त्या पुठ्ठ्यांची एकूण उंची मोजून फर्म्यावरच पेनने लिहा. हीच तुमची टाचेची उंची. पुढच्या टप्प्यात तिच्यात सूट नाही.

प्लास्टिकचा की लाकडी? पहिल्यासाठी प्लास्टिकचा. मुंबईच्या हवेत लाकूड फुगतं, आकसतं, आणि चुका पुन्हा पुन्हा ठोकून त्याची कड लवकर भुसभुशीत होते. उंचवट्याला माप थोडं कमी असेल तर फर्म्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून घासून वाढवता येतं. माप जास्त असेल तर मात्र सोडून द्या.

## टप्पा ३: तळाकडचं सामान

आता फर्मा पिशवीत घालून बाजारात जा. सोबत फर्मा नसेल तर तळ घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. "८ नंबरला ८ नंबर बसतो साहेब" हे वाक्य ऐकून मी आणलेला रबरी तळ पुढून ६ मिमी आखूड निघाला.

शँक. बुटाच्या कमरेतली पोलादी पट्टी, साधारण १० ते ११ सेमी. फर्म्याच्या तळाला लावून बघा. तिचा बाक आणि फर्म्याचा बाक यात फट दिसली तर दुसरी मागा. पट्टी वाकवून घेऊ म्हणाल तर ती चालताना पुन्हा आपल्या मूळ बाकावर येते.

आतला तळ. वेल्ट हाताने शिवायची तर आतला तळ वनस्पतीजन्य कमावलेल्या चामड्याचाच हवा, ३.५ ते ४ मिमी जाड. यात कड कोरून तिच्यातून आरी (भोक पाडायचा टोच्या) आडवी घालायची असते. पुठ्ठ्याच्या तळात ती कड उभी राहत नाही. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कोल्हापूरचं चामडं मला यासाठी आवडतं. घट्ट असतं आणि ओलं करून ठोकलं की आकार धरतं. एकच त्रास, एकाच तुकड्यात जाडी कमी-जास्त भरते. जाडी मोजायचा छोटा गेज सोबत ठेवा आणि चार ठिकाणी मोजा.

तळाचं चामडं वर्ग फुटावर नाही, किलोवर मिळतं. आतला तळ, ५ मिमीचा बाहेरचा तळ आणि टाचेच्या थरांना मिळून एका जोडाला सव्वा ते दीड किलो पुरतं. पाठीचा भाग मागा. पोटाचा भाग स्वस्त पडतो, पण स्पंजासारखा असतो आणि महिन्याभरात पसरतो.

वेल्ट. तयार पट्टी रोलमध्ये मिळते. नाही मिळाली तर ३ मिमी जाड खांद्याच्या चामड्यातून २० मिमी रुंदीची पट्टी कापा. टाचेपासून टाचेपर्यंत एका पायाला ६० सेमी धरा. जोड देऊ नका, जोड नेमका चवड्यावर येतो आणि तिथेच उकलतो.

टाच. आधी लिहून ठेवलेली उंची काढा. त्यातून बाहेरच्या तळाची जाडी वजा करायची नाही, कारण तळ चवड्याखालीही तेवढाच जातो. ही चूक इतके जण करतात की मी आता फर्म्यावरच "वजा करू नको" असं लिहून ठेवलंय.

## टप्पा ४: चामडं

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

मुंबईत धारावीत, सायन-वांद्रे लिंक रोडच्या बाजूला, तयार चामडं मिळतं. देशातल्या मोठ्या जागा म्हणजे कानपूरचं जाजमऊ, तामिळनाडूत आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट, आणि चेन्नईतली पेरियमेटची बाजारपेठ. कोलकात्याचे कारखाने बंतलाला आहेत. पण कारखानदार लॉटने विकतो. एका जोडासाठी कानपूरला फोन करून तुमचाही वेळ जाईल आणि त्याचाही. पहिल्या तीन-चार जोडांना धारावी पुरे. नंतर तिघं-चौघं मिळून एक साइड मागवा.

घोट्यापर्यंतच्या एका जोडाला वरचं चामडं, कातरण धरून, ४ ते ५ वर्ग फूट लागतं. अस्तराला ३ ते ४. जाडी वरच्याची १.८ ते २.२ मिमी, अस्तराची १ मिमीच्या आसपास. टाचेच्या आतली मजबुतीची पट्टी २ ते ३ मिमी, पुढ्याची त्याहून पातळ, आणि या दोन्ही कोल्हापुरी चामड्यातून निघतात.

साइडच्या मागच्या बाजूला आकडा लिहिलेला असतो. १४ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ३ असेल तर ते १४ चा घन नव्हे, १४ पूर्णांक तीन चतुर्थांश, म्हणजे पावणेपंधरा वर्ग फूट. भाव करताना हा बारीक आकडा बघा.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या चामड्यावर मन तयार ठेवा. त्याचा दाणा (वरच्या पृष्ठभागाची पोत) जाड असतो, पण बुटाला ते खराब नाही, उलट टिकतं. दुकानदार गायीचं म्हणून म्हशीचं देत असेल तर दाण्यावरून कळतं. आणि काहीही घ्या, पक्कं बिल घ्या. चामडं घेऊन प्रवास करताना ते खिशात असलेलं बरं.

आता दुकानात उभ्याउभ्या करायच्या चार परीक्षा:

1. दाणा पोकळ आहे का. दाण्याची बाजू आत ठेवून चामडं बोटांवर वाकवा. बारीक, दाट सुरकुत्या पडल्या तर उत्तम. रुंद, सैल घड्या पडल्या, जशा ओल्या भिंतीवरचा रंग उचलला जातो, तर तो भाग पुढ्याला चालत नाही.
2. रंग तडकतो का. दाणा बाहेर ठेवून दोनदा घडी घाला आणि कोपरा अंगठ्याने दाबा. पांढरी रेघ उमटली आणि पुसली गेली नाही तर वरचा थर रंगाचा आहे. फर्म्यावर पुढ्याशी ताणताच फुटेल.
3. कोणत्या दिशेने ताणतं. दोन्ही हातांनी उभं आणि आडवं ओढून बघा. जी दिशा कमी ताणते ती खडूने बाण काढून लिहा. कापताना पुढा-टाच ही रेष त्या बाणावर.
4. कापलेली कड बघा. आत निळसर-करडी दिसली तर क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं), तपकिरी असेल तर बहुधा वनस्पतीजन्य. शंका असेल तर कातरण मागून घरी जाळा. क्रोमच्या चामड्याची राख हिरवट पडते.

वरच्याला क्रोमचं घ्या, अस्तराला रंग न दिलेलं, तळाला वनस्पतीजन्य. अस्तराला रेक्झिन लावून पैसे वाचवू नका. आपल्या घामात तो बूट दोन तासही घालवत नाही.

थांबा: साइडवर डास चावल्यासारखे ठिपके, ओरखडे, शिक्के असतातच. संपूर्ण स्वच्छ साइड शोधू नका. कागदी नमुने सोबत न्या आणि दुकानात साइड पसरून ते ठेवून बघा. चारही मोठे तुकडे पाठीच्या भागात, डाग टाळून बसतायत का, एवढंच बघायचं. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे.

घरी आणलं की गुंडाळून ठेवा, दाणा बाहेर, सुती कापडात. घडी घालून कपाटावर ठेवलेल्या चामड्याला पडलेली रेघ जन्मभर जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलंत तर आषाढ-श्रावणात बुरशी ठरलेली.

## टप्पा ५: हत्यारं

संच घेऊ नका. बावीस नगांच्या संचात चार कामाचे निघतात. हे एवढं सुट्टं घ्या:

रापी दोन, एक कापायला आणि एक कड पातळ करायला. आरी दोन, वेल्टसाठी वाकडी आणि तळासाठी सरळ. जंबूर एक, म्हणजे अपर ताणायची पकड. तिच्या बाजूला ठोकायचा गोळा असतो, ओढा आणि त्याच हाताने चूक ठोका. रुंद तोंडाची हातोडी. १३ आणि १६ मिमीच्या चुका. कंपास, खरवडायला काचेचे तुकडे, हाडाची पट्टी, धार लावायला दगड आणि जुना चामडी पट्टा. नमुना काढायला मास्किंग टेप. संपलं.

रापी शक्यतो लोहाराकडून किंवा जुन्या चर्मकाराकडून घ्या. पॉवर हॅक्सॉच्या जुन्या पात्याची केलेली रापी धार छान धरते. चोर बाजारात जुना जंबूर मिळतो. तोंड दिव्यासमोर मिटवून बघा, मधून उजेड दिसला तर चामडं निसटेल.

तपासा: रापीला धार लावून क्रोमच्या कातरणाची कड पातळ करून बघा. चामडं पुढे ढकललं जातंय, सुरकुततंय, तर धार आलेली नाही. बोथट रापीने हात कापतो, धारदार रापीने चामडं.

लेसच्या कड्या आणि त्या ठोकायचा साचा एकाच दुकानातून, एकाच वेळी घ्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या घेतल्या तर कडी मागून फुलासारखी उमलत नाही, फाटते, आणि मोजा अडकतो.

## टप्पा ६: दोरा, सुया, मेण

मशीनच्या दोऱ्यावरचा टिकेट नंबर उलटा चालतो. ६० नंबर बारीक, ४० मध्यम, २० जाड. अपरला ४० नंबरचा नायलॉन किंवा पॉलिस्टर, सुई १६ किंवा १८ नंबर, आणि टोक चामड्याचं, म्हणजे कापत जाणारं. कापडाची गोल टोकाची सुई घातली तर टाके सुटतात आणि दोष दोऱ्याला दिला जातो.

वेल्टला १ मिमीचा मेणाचा पॉलिस्टर दोरा चालतो. लिननच्या बारीक धाग्यांचे आठ-दहा पदर एकत्र पिळून स्वतः केलात तर त्याहून बरा, कारण टाका भोकात फुगून बसतो. त्याला राळ आणि मधमाशीचं मेण एकत्र वितळवून लावायचं. उन्हाळ्यात राळ जास्त, थंडीत मेण जास्त. गोळा बोटांना चिकटला पाहिजे, पण बोटाबरोबर आला नाही पाहिजे. नुसतं नायलॉन वेल्टला नको, ते ताणतं आणि टाका सैल पडतो.

## टप्पा ७: सोल्युशन

तळ कशाचा आहे त्यावर सोल्युशन ठरतं. चामड्याला चामडं किंवा क्रेप (कच्च्या रबराचा तळ) असेल तर निओप्रीनचं, फेविकॉल एसआर ९९८ सारखं. पीयू (पॉलियुरेथेन) आणि पीव्हीसीच्या तळाला पीयूचं. टीपीआरच्या (थर्मोप्लास्टिक रबराच्या) तळाला आधी प्रायमर, मग पीयूचं. पीव्हीसीवर निओप्रीन लावलंत तर सुरुवातीला घट्ट बसेल आणि काही आठवड्यांत तळ सोलून हातात येईल.

छोटा डबा घ्या. मोठा डबा अर्ध्यावर येईपर्यंत घट्ट होतो. लावण्याआधी दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करा, दोन्हीकडे लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच जोडा. पावसाळ्यात नुसतं बोट लावून फसगत होते. सोल्युशन वाळताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. मग वरून वाळल्यासारखं दिसतं, धरत मात्र नाही. जोडण्याआधी हेअर ड्रायरने किंचित गरम करा, आणि ड्रायर डब्यापासून लांब. या वाफा पेट घेतात आणि डोकंही चढवतात. खिडकी उघडी, गॅस बंद.

## टप्पा ८: मशीन, जमलं तर

पहिल्या जोडाला मशीन लागतच नाही. नमुन्याप्रमाणे तुकडे कापा, कडा पातळ करा, शिवणीच्या रेघा चंदेरी पेनने आखा आणि ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या ठिकाणी अपर शिवून घ्या. जोडामागे मजुरी देऊन काम होतं. कारागिराला बघत उभं राहायची परवानगी मिळाली तर ती संधी सोडू नका.

ऑनलाइन मिळणारं हाताने फिरवायचं मशीन दुरुस्तीसाठी ठीक आहे. २ मिमीचे दोन थर आणि अस्तर एकसारख्या टाक्याने शिवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. पाच-सहा जोड झाले आणि हौस टिकली, तर खांबावर शिवायचं पोस्ट बेड बघा, रोलरच्या पायाचं. उभ्या अपरची मागची शिवण सपाट मशीनवर वळवताना जीव जातो. जुनं घेत असाल तर तुमचंच चामडं आणि ४० नंबर दोरा घेऊन जा. सरळ शिवण नको, त्यांना रुपयाच्या नाण्याएवढं वळण शिवून दाखवायला सांगा. मग कापड उलटवावं तसा तुकडा उलटवून खालचे टाके बघा. खाली गाठी दिसल्या आणि विकणारा "ताण सेट करून देतो" म्हणाला, तर त्याने तो तिथेच, तुमच्यासमोर सेट करून दाखवावा.

पहिला जोड शिवायला महागाची साइड उघडू नका. दुकानातून उरलेसुरले तुकडे किलोवर आणा, रंग जुळले नाहीत तरी चालेल, आणि त्याच फर्म्यावर एक पाय, फक्त उजवा किंवा डावा, शेवटपर्यंत पूर्ण करा. घालून घरात तासभर फिरा. कुठे चावतोय ते खडूने बुटावर लिहा, मग फर्मा त्या जागी वाढवा, आणि त्यानंतर धारावीतून आणलेली ती साइड उलगडा.